अपील आणि दप्तर : वरच्या न्यायालयात कागदच का बोलतात



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत देवस्थानाच्या न्यायालयीन खर्चाचा विषय निघाला असता एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "पहिल्या कोर्टात एखादा कागद द्यावयाचा राहिला तर त्यात एवढे काय बिघडले? निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात पुन्हा सगळे मांडता येतेच की!" सभागृहात अनेकांनी माना डोलावल्या. आम्हांस त्यांत कोणाचा दोष वाटला नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत विश्वस्त मंडळाचाही समज हाच होता. त्या समजाची किंमत देवस्थानास मोजावी लागली. ती का मोजावी लागली आणि पुन्हा मोजावी लागू नये यासाठी काय करावे, हे सभासदांसमोर विस्ताराने मांडावे असे मंडळाने ठरविले. त्यासाठी हा लेख. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. वकिलांच्या मार्गदर्शनातून व स्वानुभवातून जे उमगले तेच येथे नमूद करीत आहोत.

अपील म्हणजे पहिल्यापासून खटला नव्हे

दिवाणी दाव्यात पहिल्या न्यायालयासमोर साक्षीदार शपथेवर जबाब देतात, त्यांची उलटतपासणी होते, कागद दाखल होतात, त्यांवर हरकती घेतल्या जातात. साक्षीदार कोठे अडखळला, कोठे ठामपणे बोलला, हे न्यायाधीश स्वतः पाहतात. या निकालाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९६ अन्वये पहिले अपील करता येते. हा हक्क मोठा मोलाचा आहे. २००१ साली संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पहिल्या अपिलात वस्तुस्थिती व कायदा या दोन्ही अंगांनी संपूर्ण प्रकरण फेरविचारास खुले असते.

नेमका येथेच गैरसमज होतो. प्रकरण खुले असते याचा अर्थ ते नव्याने चालविले जाते असा नाही. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहात नाहीत. अपील न्यायालय खालच्या न्यायालयाचे दप्तर मागवून घेते आणि दोन्ही बाजूंचे वकील त्या दप्तराच्या पानांवर बोट ठेवून युक्तिवाद करतात. जे त्या पानांत आहे तेवढेच न्यायालयासमोर असते. जे त्यात नाही ते साऱ्या गावाला ठाऊक असले तरी न्यायालयाच्या लेखी घडलेलेच नसते.

आपल्या सभासदांना परिचित असे उदाहरण द्यावयाचे तर लेखापरीक्षकाचे देता येईल. लेखापरीक्षक उत्सवास आलेला नसतो. महाप्रसादाला किती पंगती उठल्या हे त्याने पाहिलेले नसते. तो वही उघडतो आणि पावती मागतो. पंगती उठल्या हे सर्वांना माहीत असले तरी पावती नसेल तर खर्चावर शेरा पडतो. अपील न्यायालयाची दृष्टी बहुतांशी अशीच असते, आणि न्यायाच्या दृष्टीने ती योग्यही आहे. कारण दोन्ही पक्षांना जे तपासण्याची संधी मिळाली तेवढ्यावरच निर्णय व्हावयास हवा.

दुसऱ्या अपिलाची वाट तर याहून अरुंद आहे. कलम १०० अन्वये उच्च न्यायालयात दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. तात्पर्य, वस्तुस्थितीविषयी मोकळेपणाने बोलण्याची शेवटची जागा म्हणजे पहिले अपील, आणि तेथे आपली जीभ म्हणजे दप्तर.

दप्तरात काय येते व काय येत नाही

वादीचा दावा अर्ज, प्रतिवादीची कैफियत, न्यायालयाने काढलेले मुद्दे, साक्षीदारांचे जबाब व उलटतपासणी, निशाणी क्रमांक पडलेले दस्तऐवज, वेळोवेळी केलेले अर्ज व त्यांवरील हुकूम, प्रत्येक तारखेचा रोजनामा, निकालपत्र आणि हुकूमनामा. या सर्वांचे मिळून दप्तर होते.

यांतील दस्तऐवजांची बाब सभासदांनी विशेष लक्षात घ्यावी. कागद वकिलांकडे दिला म्हणजे तो न्यायालयात दाखल झाला असे नाही. आणि यादीसोबत दाखल झाला म्हणजे तो पुरावा झाला असेही नाही. तो कागद योग्य साक्षीदारामार्फत शाबीत व्हावा लागतो, न्यायालयाने तो पुराव्यात स्वीकारावा लागतो आणि त्यावर तसा शेरा व क्रमांक पडावा लागतो. संहितेच्या आदेश १३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, पुराव्यात स्वीकारलेला दस्तऐवज दप्तराचा भाग होतो, आणि न स्वीकारलेला दस्तऐवज दप्तराचा भाग होत नाही. तो देणाऱ्यास परत केला जातो. म्हणजे 'आम्ही तो कागद कोर्टात दिला होता' हे वाक्य कितीही खरे असले तरी, त्यावर निशाणी पडलेली नसेल तर अपिलात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

रोजनाम्याकडेही आपण सहसा पाहात नाही. एखादा साक्षीदार तपासण्याची परवानगी आपण मागितली व ती नाकारली गेली, तर ती मागणी लेखी अर्जाने झालेली असली पाहिजे व तिची नोंद दप्तरात असली पाहिजे. तोंडी मागणी तोंडीच विरून जाते. पुढे अपिलात 'आम्हांस पुरावा देऊ दिला नाही' ही तक्रार करावयाची तर आपण तो देऊ केला होता हे आधी दप्तरातून दिसावे लागते.

ताई महाराज प्रकरण : लंडनमध्ये वाचलेले पुण्याचे दप्तर

पूर्ण दप्तराचे बळ काय असते याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्या परिचयाचे आहे, आणि तेही विश्वस्तांच्याच कर्तव्याशी निगडित आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ साली निवर्तले. त्यांनी मृत्युपत्राने जे विश्वस्त नेमले त्यांत लोकमान्य टिळक व अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. जून १९०१ मध्ये बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज यांनी औरंगाबाद येथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. ताई महाराजांनी पुढे ते नाकारले व त्याच वर्षी कोल्हापूर येथे दुसरा मुलगा दत्तक घेतला. यातून निघालेल्या फौजदारी खटल्यात टिळकांना १९०३ साली शिक्षा झाली; १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा मूळ दिवाणी वाद मात्र पुढे चालूच राहिला.

१९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचे दत्तक खरे ठरविले. १९१० साली, टिळक मंडालेच्या कारागृहात असताना, मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. शेवटी प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला.

लंडनमधील त्या न्यायाधीशांनी ना औरंगाबाद पाहिले होते, ना एकही साक्षीदार. त्यांच्यासमोर होते ते फक्त दप्तर. त्या दप्तरातून त्यांना एक महत्त्वाची गोष्ट दिसली. उच्च न्यायालयाने साक्षीदारांवर अविश्वास दाखविताना पूर्वीच्या कार्यवाहीतील त्यांच्या जबाबांचा आधार घेतला होता; परंतु ते जबाब उलटतपासणीत साक्षीदारांपुढे ठेवून त्यांना खुलाशाची संधी दिलेली नव्हती. ज्या कागदाचा साक्षीदाराविरुद्ध उपयोग करावयाचा तो त्याला दाखवून स्पष्टीकरणाची संधी दिली पाहिजे, विशेषतः त्याच्या अब्रूचा प्रश्न असेल तेव्हा, हे तत्त्व लॉर्ड शॉ यांनी त्या निकालपत्रात मांडले. भारतातील पुरावा कायद्याच्या चर्चेत ते अद्याप उद्धृत होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. साक्षीदाराला अमुक प्रश्न विचारला गेला होता हे दाखवावयास दप्तराचे एक पान पुरते. परंतु अमुक प्रश्न विचारलाच गेला नव्हता हे दाखवावयाचे तर उलटतपासणीचे प्रत्येक पान, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हजर असावे लागते. मधली दोन पाने नसतील तर प्रतिपक्ष सहज म्हणेल की, तो प्रश्न त्या हरवलेल्या पानांत असेल. 'हवी तेवढी पाने' आणि 'सगळी पाने' यांत हा फरक आहे. आपल्या उपयोगाची तेवढी पाने निवडून अपील लढविता येत नाही. टिळकांचा हा निकाल लागला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ साली, त्यांनी आमच्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या धामधुमीच्या काळातही एका विश्वस्ताने चौदा वर्षे एक वाद नेटाने व कागदोपत्री सांभाळला, हेही आम्हां विश्वस्तांनी स्मरणात ठेवावे.

सीमाभागातील आमची विशेष अडचण : भाषा आणि लिपी

आपल्या भागातील देवस्थानांना आणखी एक अडचण असते. जुनी दानपत्रे, सनदा व वह्या मराठीत, त्यांतील कित्येक मोडी लिपीत आहेत. न्यायालयाचे कामकाज कन्नड व इंग्रजीत चालते. पुरावा न्यायालयाच्या हाती असूनही त्यास तो वाचता येत नसेल तर तो नसल्यासारखाच. त्यामुळे भाषांतर ही शोभेची जोडपत्रिका नसून दप्तराचे आवश्यक अंग आहे, आणि तेही जाणकाराकडून करून घेऊन रीतसर शाबीत केलेले असले पाहिजे.

ही अडचण लहान देवस्थानांचीच आहे असे नाही. अयोध्येच्या वादात अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१० मध्ये लागला व अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदविले की, मूळ दप्तर पंधरा मोहोरबंद पेट्यांत असून कागदपत्रे व जबाब फारसी, संस्कृत, अरबी, गुरुमुखी, उर्दू, हिंदी अशा भाषांत आहेत, आणि सर्वांचे भाषांतर झाले आहे की नाही ते तपासले पाहिजे. अंतिम निकाल त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला लागला. देशातील सर्वोच्च न्यायालयासही आधी दप्तराची पाने व भाषांतरे जुळवून घ्यावी लागतात, हे यावरून लक्षात यावे.

जबाबांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. मराठीत दिलेला जबाब दुसऱ्या भाषेत लिहून घेतला गेला व साक्षीदारास ती भाषा येत नसेल, तर लिहिलेला जबाब त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, अशी तरतूद संहितेच्या आदेश १८ मध्ये आहे. आपल्या वृद्ध साक्षीदारांना ती माहीत नसते. 'साहेबांनी लिहिले ते बरोबरच असणार' असे म्हणून ते सही वा अंगठा करून मोकळे होतात.

आमची चूक

आता देवस्थानाची हकीकत. मंदिरामागील ओवरी व लगतची खुली जागा पूर्वापार देवाची आहे. तेथे अल्प भाड्याने राहणाऱ्या एका पक्षाने पुढे भाडे बंद केले व जागा आपल्या मालकीची असल्याचे सांगण्यास सुरुवात केली. विश्वस्त मंडळाने जागेचा कब्जा व थकलेले भाडे यांसाठी दावा केला. आमच्याकडे तीन आधार होते : शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे मोडी दानपत्र, भाड्याची वही, आणि ज्यांना सारी आळी आजोबा म्हणत असे त्या वयोवृद्ध पुजाऱ्यांची साक्ष. सत्य आमच्या बाजूस आहे या विश्वासावर आम्ही निर्धास्त होतो.

पहिल्या न्यायालयात आम्ही हरलो. निकालाच्या नकला हाती आल्यावर वकिलांनी आम्हांस समोर बसवून दप्तर वाचून दाखविले, तेव्हा तीन गोष्टी उघड झाल्या. मोडी दानपत्रावर निशाणी क्रमांक पडला होता. मात्र त्याचे भाषांतर नुसते यादीला जोडलेले होते, भाषांतरकारास आम्ही तपासलेच नव्हते. भाड्याची वही दाखलच झाली नव्हती; ती 'कोठेतरी ठेवलेली' होती व मुदतीत सापडली नव्हती. आणि आजोबांच्या उलटतपासणीत एक वाक्य असे लिहिले गेले होते की, प्रतिवादी भाडे देत नसत. 'पूर्वी देत असत, पुढे देईनासे झाले,' असे आपण सांगितल्याचे आजोबा आम्हांस साक्षीच्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर बोलले होते. त्या वाक्याचा पूर्वार्ध कागदावर आला नव्हता. जबाब त्यांना मराठीत समजावून सांगावा अशी विनंती आमच्यापैकी कोणी केली नव्हती. निकाल लागला तेव्हा आजोबा हयात नव्हते. दुरुस्ती विचारावी तर कोणाला?

जिल्हा न्यायालयात अपील दाखल झाले. काही महिन्यांनी एका माजी कोषाध्यक्षांच्या घरी रंगकाम निघाले असता जुन्या ट्रंकेत ती भाड्याची वही सापडली. ती सुस्थितीत होती व तिच्यात प्रतिवादीकडील भाड्याच्या जमा स्पष्ट लिहिल्या होत्या. आम्हांस देवच पावला असे वाटले. अपिलात जादा पुरावा देण्याची तरतूद संहितेच्या आदेश ४१, नियम २७ मध्ये आहे. त्याप्रमाणे आम्ही अर्ज केला.

या नियमाचे स्वरूप सभासदांनी समजून घ्यावे. पहिल्या न्यायालयाने घ्यावयास हवा होता तो पुरावा नाकारला असेल. किंवा योग्य ती दक्षता घेऊनही तो पुरावा त्या वेळी पक्षकारास माहीत नव्हता वा सादर करता आला नाही असे तो दाखवील. किंवा निर्णय देण्यासाठी न्यायालयासच त्याची गरज भासेल. अशा प्रसंगीच जादा पुरावा घेता येतो. २०१२ साली युनियन ऑफ इंडिया विरुद्ध इब्राहिम उद्दिन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पहिल्या न्यायालयात राहिलेल्या उणिवा भरून काढण्यासाठी ही वाट नाही.

आमचा वहीबाबतचा अर्ज नामंजूर झाला. वही देवस्थानाची, ठेवली होती देवस्थानाच्याच माजी पदाधिकाऱ्याच्या घरी. तेव्हा दक्षतेने शोधली असती तर सापडली असती, हे न्यायालयाचे म्हणणे आम्हांस खोडता आले नाही, कारण ते खरे होते. दानपत्राच्या भाषांतराबाबत मात्र न्यायालयाने वेगळी दृष्टी घेतली. मूळ कागद पूर्वीच पुराव्यात आलेला असल्याने व तो वाचल्याशिवाय निर्णय देता येत नसल्याने जाणकाराकडून झालेले भाषांतर घेण्यात आले.

अपिलाचा निकाल अर्धा आमच्या बाजूने लागला. दानपत्राच्या आधारे जागा देवाची ठरली व कब्जा मिळाला. थकलेल्या भाड्याची मागणी मात्र फेटाळली गेली. कारण भाडे कधी दिले जात होते याचा एकही पुरावा दप्तरात नव्हता, उलट आमच्याच साक्षीदाराचे ते अर्धे वाक्य आमच्याविरुद्ध उभे होते. त्या रकमेतून सभामंडपाचे गळके छप्पर बदलावयाचे आम्ही योजिले होते. ते काम पुढे भाविकांच्या वर्गणीतून करावे लागले. जो कागद दप्तरात होता त्याने जागा राखली, आणि जो ट्रंकेत होता तो ट्रंकेतच राहिला. यात न्यायालयाचा वा प्रतिपक्षाचा दोष नाही. दोष आमचा आहे, व तो सभासदांपुढे कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

न्यायालयातील दप्तरच हरवले तर

कधी कधी आपली बाजू चोख असूनही न्यायालयातील मूळ दप्तर गहाळ वा नष्ट होते. अशा प्रसंगी काय करावे याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय उल्लेखनीय आहेत. दोन्ही फौजदारी प्रकरणांतील असले तरी त्यांतील विचार आपणांस बोध देणारा आहे. २००४ साली उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध अभय राज सिंह या प्रकरणात, दप्तर उपलब्ध नाही एवढ्याच कारणाने उच्च न्यायालयाने आरोपींना सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. दप्तराची पुनर्बांधणी करण्याचा प्रयत्न व्हावा, आणि ती अशक्य ठरल्यास फेरखटल्याचा विचार व्हावा, असे सांगितले. २०२३ साली दुसऱ्या एका प्रकरणात याच्या उलट घडले होते : मूळ दप्तर नसतानाही शिक्षा कायम केली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दप्तर पाहिल्याखेरीज अपिलाचा न्याय्य निर्णय होऊच शकत नाही, असा त्याचा आशय होता. आणि घटनेस सुमारे अठ्ठावीस वर्षे लोटल्यामुळे फेरखटला चालविणेही उचित मानले गेले नाही.

दप्तराची पुनर्बांधणी होते ती मुख्यतः पक्षकारांच्या व वकिलांच्या संग्रहातील प्रतींवरून. ज्याच्याकडे सर्व नकला आहेत त्याचे प्रकरण पुन्हा उभे राहते. आपल्या भागात तर हे अधिक महत्त्वाचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळची अपिले मुंबई उच्च न्यायालयात जात. नंतर ती बंगळूरला जाऊ लागली. २००८ साली धारवाड येथे कर्नाटक उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले व २०१३ साली ते कायम झाले. साहजिकच एकाच देवस्थानाच्या तीन पिढ्यांचे कागद तीन शहरांत विखुरलेले असू शकतात. ते शोधण्याची वेळ दावा लागल्यावर येऊ नये.

मुदत आणि नकला

अपिलाची मुदत अल्प असते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे उच्च न्यायालयात नव्वद दिवस व इतर न्यायालयांत तीस दिवस. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ यातून वजा होतो. परंतु तो लाभ नक्कल अर्ज केल्यापासूनचा आहे. अर्ज करण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात गेलेला काळ वजा होत नाही. म्हणून निकाल लागताच, शक्य तर त्याच दिवशी, नकलेचा अर्ज करावा. उशीर झाल्यास माफीचा अर्ज करता येतो. मात्र ती माफी न्यायालयाच्या समाधानावर अवलंबून असते. केवळ अपील दाखल केल्याने खालच्या हुकूमनाम्यास आपोआप स्थगिती मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

आता ई-कोर्ट्स सेवेमुळे तारखा, हुकूम व निकाल संगणकावर पाहता येतात ही मोठी सोय झाली आहे. परंतु पडद्यावर दिसणारा निकाल म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे, आणि निकाल म्हणजे संपूर्ण दप्तर नव्हे.

विश्वस्त मंडळाने ठरविलेली शिस्त

वरील अनुभवानंतर मंडळाने पुढील नियम ठराव करून स्वीकारले आहेत :

१. प्रत्येक दाव्याची स्वतंत्र नस्ती देवस्थानाच्या कार्यालयात राहील. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत आधी नस्तीत लागेल, मगच कागद वकिलांकडे जाईल.

२. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यातील नोंद उतरवून घेतली जाईल. कोणत्या कागदास कोणता निशाणी क्रमांक पडला व कोणता राहिला याचा तक्ता ठेवला जाईल.

३. मोडी व मराठी कागदांची भाषांतरे दावा दाखल होण्यापूर्वीच करून घेतली जातील आणि भाषांतरकाराची साक्ष देण्याची तयारी आधीच विचारून ठेवली जाईल.

४. साक्षीदारासोबत एक विश्वस्त हजर राहील. जबाब मराठीत समजावून सांगितल्याशिवाय साक्षीदाराने सही करू नये हे त्यास आधी सांगितले जाईल.

५. निकालानंतर केवळ निकालपत्राची नव्हे, तर जबाब, निशाण्या व महत्त्वाचे हुकूम या सर्वांच्या नकला घेतल्या जातील व पान क्रमांक एकेक करून पडताळले जातील.

६. पदावरून निवृत्त होणारा प्रत्येक पदाधिकारी आपल्या ताब्यातील सर्व वह्या व कागद यादीसह कार्यालयात जमा करील आणि त्याची पोच घेईल.

शेवटच्या नियमास आणखी एक कारण आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाला तर त्यावरील सही-शिक्क्याविषयी न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकते. ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. तोच कागद परक्या जागी सापडला, तर तो तेथे कसा गेला या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

भाविकांस विनंती

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा देवस्थानाचे वहिवाटदार, पुजारी, कारकून वा पंच होते. त्यांच्या दप्तरांत, ट्रंकांत, माळ्यावरील बासनांत देवस्थानाची पत्रे, पावत्या, मोडी कागद, निकालांच्या जुन्या नकला असण्याचा पुष्कळ संभव आहे. कागद फाटका आहे, वाचता येत नाही, उपयोगाचा नसेल, असे समजून तो टाकून देऊ नये. कृपया तो देवस्थानाच्या कार्यालयात आणून द्यावा. मूळ कागद देण्याची इच्छा नसल्यास आम्ही प्रत काढून तो त्वरित परत करू व दिल्याची पोच देऊ. ज्यांना मोडी वाचता येते अशा भाविकांनी आठवड्यातून एखादा तास या कामासाठी दिल्यास मंडळ त्यांचे ऋणी राहील.

देवापुढे नंदादीप लावतो त्याची सेवा सर्वांस दिसते. कार्यालयाच्या कोपऱ्यात बसून जो पानांवर क्रमांक घालतो त्याची सेवा कोणास दिसत नाही. परंतु उद्या ओवरी, जमीन वा मंदिराची वहिवाट यांविषयी प्रश्न निघाला तर वरच्या न्यायालयात देवाच्या वतीने तीच पाने बोलणार आहेत. त्यांतील एकही पान उणे राहू नये एवढीच प्रार्थना.

आपले नम्र,
सचिव
विश्वस्त मंडळाकरिता